छोटूला ‘ऑरेंज’ येतं, ‘पाणी दे’ येत नाही

*ताई, नमस्कार. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. आमचा छोटू २६ महिन्यांचा झाला. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, दर आठवड्याला पाळी बदलते. मी घरूनच काम करते, दिवसातले पाच-सहा तास कानात हेडफोन असतो. छोटूला सासूबाई सांभाळतात. त्या सटाण्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. छोटू मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. व्हिडिओ बघून त्याला इंग्रजीत चार रंग येतात, ‘ट्रँगल’ येतं, दहापर्यंत आकडे म्हणतो. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे ओढत नेतो. त्याचे शब्द मोजले, २३ भरले. यादी सोबत पाठवतेय. जावेची मुलगी याच्याच वयाची, ती अख्खी वाक्यं बोलते. सासूबाई म्हणतात, ‘त्याचा बापही तिसरं लागल्यावर बोलला.’ मिस्टर म्हणतात, ‘व्हिडिओतून शिकतोय की!’ मी एक रील बघितलं, त्यात होतं की मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द पडले पाहिजेत. तेव्हापासून त्याच्यासमोर सारखी बोलत असते. घसा बसला, पण तो लक्षच देत नाही. हे मोबाईलमुळे झालं का? की घरात तीन भाषा आहेत म्हणून गोंधळतोय? माझं कुठं चुकलं?*

*– एक आई, नाशिक*

तुमचं पत्र वाचताना मी दोन ठिकाणी थांबले. एकदा माठापाशी आणि एकदा यादीपाशी. मोबाईलचं नंतर बोलू, आधी माठाचं.

छोटू तुमचा हात धरून ओढतो, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघतो का? माठापाशी पोचल्यावर बोट दाखवतो का? ‘अं अं’ करतो का, तुम्हाला कळलं की हसतो का? तसं असेल तर तो बोलतोयच, फक्त शब्दांशिवाय. पण तोंडाकडे न बघता, पकड घ्यावी तसा तुमचा हात घेऊन तो माठाला लावत असेल, नावानं हाक मारली तरी बहुतेक वेळा वळत नसेल, ‘ते बघ’ म्हणून स्वतःहून कधी काही दाखवत नसेल किंवा आधी येणारे शब्द आता गेले असतील, तर हे सदर बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात मुलांच्या वाढीचं बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरवायला सांगत नाहीये. या वयात लवकर दाखवण्याचा फायदाच होतो आणि काही निघालं नाही तर एक चक्कर वाया जाते, एवढंच.

दुसरं, कान. बोलायला उशीर झालेलं कुठलंही मूल आलं की आधी कान तपासायचे. ‘दाराची बेल वाजली की पळतो ना तो’ हे पुरत नाही. बेल मोठ्यानं वाजते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मुलाला आपलं बोलणं गोधडी पांघरून ऐकल्यासारखं येतं. सूर कळतो, अक्षरं कळत नाहीत. मूल झोपलेलं असताना ‘बेरा’ नावाची तपासणी करतात, दुखत-खुपत काही नाही. कानाच्या डॉक्टरांकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन या. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथकं अंगणवाड्यांमध्ये येतात आणि गरज पडली तर पुढे पाठवतात.

हे एवढ्या ठासून सांगायला कारण आहे. वाचा-उपचाराच्या कामात मी नवी होते तेव्हा एका आईनं असाच मुलगा आणला होता. घरचे सगळे म्हणत होते, टीव्हीनं बिघडवला. मीही तेच म्हटलं. टीव्ही बंद करायला लावला आणि तीन महिने त्या बाईला वेगवेगळे खेळ सांगत राहिले. शेवटी कान तपासले, तर दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. त्या बाईनं तीन महिने स्वतःला दोष दिला, तो माझ्यामुळे. तेव्हापासून कानाचा कागद बघितल्याशिवाय मी टीव्ही-मोबाईलबद्दल तोंड उघडत नाही. आज पत्रातून उघडतेय, पण तपासणी आधी करायची, या अटीवर.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. बोलायला उशीर होणं काही घरांत चालत येतं आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. अडचण एवढीच की कुठलं मूल आपोआप येणार आणि कुठलं मागे राहणार, हे दोन वर्षांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा अंदाज आम्ही धरतो. छोटू त्याच्या मागे आहे. हे मी गोड करून सांगणार नाही. जावेच्या मुलीशी तुलना मात्र सोडा. त्यातून फक्त जावेशी वाकडं येतं.

आता यादी. तेवीस शब्दांतले दहा आकडे, चार रंग, एक त्रिकोण. पंधरा गेले. उरले आठ: आई, बाबा, मम, भूभू, गागा (पुढे तुम्ही ‘घंटागाडी’ लिहिलंय), बाय, नाय आणि दे.

या आठांत क्रियापद एकच, ‘दे’. नावं साठवून बोलणं होत नाही, बोलायला क्रिया लागते. ये, दे, बस, उठ, सांडलं, पडलं, संपलं, नको, गेला. यातलं एक जरी आलं तरी त्याला शेपटी लागते: दूध संपलं, बाबा गेला, मम नको. ‘पर्पल’ला काय जोडणार? घरात पर्पल कुणाला हवं असतं? व्हिडिओतले शब्द बहुतेक चित्रावर बोट ठेवून सांगण्यासारखे असतात, रंग, आकार, प्राणी. सांडणं असं दाखवता येत नाही. ते सांडावं लागतं.

आणि आपल्या भाषेत तर त्यातही गंमत आहे. पाणी सांडलं, चहा सांडला, डाळ सांडली. हे कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही आणि आपणही बसून कधी शिकवत नाही. तरी चार-पाच वर्षांचं पोर ‘डाळ सांडला’ म्हणत नाही. शंभर वेळा काही ना काही सांडलेलं असतं आणि शंभर वेळा कुणीतरी ‘अरे देवा, सांडली ना!’ म्हणून ओरडलेलं असतं. ते ओरडणंही शिकवणंच.

यादीत आणखी एक गोष्ट खटकली. आजी नाही. दिवसभर जिच्या मांडीवर असतो तिला तो काहीच म्हणत नाही, हे मला पटत नाही. सासूबाईंना विचारा. कदाचित तो त्यांना ‘माय’ म्हणत असेल आणि हेडफोनमधून तुम्हाला ते ‘मम’ ऐकू आलं असेल. त्याचे अहिराणी शब्द तुम्ही मोजलेच नसावेत. ते मोजायचे. ‘पाणी’, ‘पानी’ आणि ‘वॉटर’ असं तीन भाषांत काही म्हणत असेल तर तिन्ही धरायचे.

म्हणजे तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच झालं. दोन-तीन भाषांच्या घरात वाढल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. प्रत्येक भाषेतले शब्द वेगळे मोजले तर कमी दिसतात, सगळे मिळून मोजले तर हिशोब लागतो. सासूबाईंना ‘त्याच्याशी शुद्ध मराठीत बोला’ असं कृपा करून सांगू नका. माणूस परक्या भाषेत बोलायला लागलं की तोलूनमापून, कमी बोलतं. त्यांचं ‘काय करी ऱ्हायना?’ (काय करतोयस?) हे छोटूसाठी आत्ता घरातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. कारण ते त्याच्याकडे बघून विचारलेलं असतं.

मिस्टरांचं ‘शिकतोय की’ हे बऱ्याच बाबांचं म्हणणं असतं, त्यामुळे त्यावर थोडं सविस्तर. अमेरिकेत २०१० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक ते दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवणारी बाजारातली एक व्हिडिओ चार आठवडे नेमानं दाखवली. दुसऱ्या गटातल्या आईवडिलांना व्हिडिओ दिलीच नाही, तेच शब्द रोजच्या कामात बोलून शिकवा म्हटलं. व्हिडिओ बघितलेली मुलं, ज्यांना यातलं काहीच दिलं नव्हतं अशा तिसऱ्या गटातल्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती आईवडिलांनी बोलून शिकवलेली. यातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. ज्या आईवडिलांना ती व्हिडिओ फार आवडली होती, त्यांना आपलं मूल जास्त शिकलं असं वाटत होतं.

त्याच्याही आधी, २००३ मध्ये, बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली होती. बारा बैठका. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसलं, खेळलं, पुस्तक दाखवलं. काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. माणसासमोर बसलेली बाळं चिनीतले बारीक आवाज ओळखायला शिकली. टीव्हीसमोरची कोरडीच राहिली. बाळं लहान होती, छोटू मोठा आहे, तो पडद्यावरून शब्द उचलतो हे खरं. ‘ऑरेंज’ त्यानं उचललाच आहे. पण उचललेला शब्द वापरायला समोर कुणीतरी लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न: मोबाईलमुळे झालं का? मला माहीत असलेलं एवढं सांगते. मोबाईल विष नाही, चोर आहे. पडद्यातून काही मुलाच्या डोक्यात शिरून भाषा खात नाही. पडदा चालू असतो तेव्हा जे बोलणं झालं असतं, ते होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २२० घरांत मुलांच्या अंगावर छोटं रेकॉर्डिंग यंत्र लावून दिवसभराचा आवाज मोजला, तो अभ्यास २०२४ मध्ये आला. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या दर एका जादा मिनिटामागे मोठ्यांचे साधारण साडेसहा शब्द कमी, मुलाचे स्वतःचे जवळपास पाच उच्चार कमी आणि एक देवाणघेवाण कमी. मिनिटाचा हिशोब आहे हा, तासाचा नाही. आणि मूल बघत असलं-नसलं तरी टीव्ही नुसता वाजत असेल, तर त्या दर तासामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी पडतात, असं अमेरिकेत २००९ मध्येच दिसलं होतं. मालिका सासूबाई बघतात, छोटू गाड्या खेळत असतो, म्हणून त्याचा संबंध नाही असं आपण धरतो. संबंध असतो. टीव्हीपुढे आपण गप्प होतो.

हे सगळे आकडे नुसता संबंध दाखवतात. मूल आधीच कमी बोलणारं, म्हणून हातात मोबाईल जास्त, असंही होतं. शांत पोराला मोबाईल देणं सोपं आणि आदळआपट करणाऱ्याला तर आणखीच सोपं. त्यामुळे ‘माझं चुकलं का’ याचं उत्तर मी हो-नाहीत देणार नाही. बाहेर कॉल चालू असताना, आत वरण उतू जात असताना तुम्ही त्याला मोबाईल दिला. ठीक आहे. पुढचं बघू.

त्या रीलमधले तीन कोटी शब्दही एकदा उतरवून ठेवा, घसा तरी सुटेल. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये हार्ट आणि रिझली या दोन संशोधकांनी ४२ घरांत महिन्याला तासभर बसून बोलणं टिपलं आणि १९९५ मध्ये मांडलं की गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या कानावरच्या शब्दांत चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटींचा फरक पडतो. म्हणजे तीन कोटी हा दोन घरांमधला अंदाजे फरक आहे, प्रत्येक आईनं भरायचा कोटा नाही. पुढे त्या अभ्यासावर टीकाही बरीच झाली. २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की आजी, भावंडं, शेजारी यांचं बोलणं धरलं तर चित्र बदलतं आणि एकाच आर्थिक थरातल्या घराघरांतही खूप फरक असतो. रीलमध्ये एवढं मावत नाही, काय करणार.

शब्दांचा पाऊस पाडण्यापेक्षा महत्त्वाची आहे पाळी. मिस्टरांच्या कंपनीतली नव्हे, बोलण्यातली. मी बोलले, आता तुझी पाळी. तू ‘गागा’ म्हणालास, आता माझी. २०१८ मधल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं मोजलं आणि त्यांना गोष्ट ऐकवत मेंदूचं चित्रण केलं. ज्या मुलांच्या घरात अशा पाळ्या जास्त झाल्या होत्या, त्यांचा मेंदूतला भाषेचा भाग जास्त जागा झालेला दिसला, मग घरात एकूण शब्द कितीही असोत आणि पैसा कितीही असो. तुम्ही दिवसभर बोलत सुटलात आणि छोटू लक्ष देईना, यात नवल नाही. त्याची पाळीच येत नव्हती.

उद्या सकाळी घंटागाडीचा आवाज येईल तेव्हा एक करून बघा. तो गॅलरीकडे पळेल, ‘गागा!’ म्हणेल. आपण साधारण काय करतो? ‘हो रे बाळा, घंटागाडी आली, कचरा न्यायला आली, ओला कचरा सुका कचरा, बघ काका बघ, टाटा कर काकांना, कर ना टाटा!’ चार सेकंदांत वीस शब्द, आणि पोर गप्प. त्याऐवजी खाली बसा, त्याच्या उंचीला या. ‘गाडी आली!’ म्हणा आणि थांबा. मनात पाच मोजा. पाच म्हणजे खूप असतात, तुमची जीभ वळवळेल, थांबा. तो परत ‘गागा’ म्हणेल, नाहीतर ‘आ’ म्हणेल, नाहीतर तुमच्याकडे बघेल. ती त्याची पाळी झाली. मग ‘हो, आली. गाडी आली.’ पुन्हा थांबा. गाडी गेली की ‘गाडी… ’ म्हणून अर्धवट सोडा. पहिल्या दिवशी तो काही म्हणणार नाही. दहाव्या दिवशी ‘गेई’ म्हणाला तर मला कळवा.

माठापाशी तेच. तो ओढत नेईल, तुम्ही जा, पण लगेच पेला भरू नका. त्याच्याकडे बघा, थांबा. ‘पाणी? पाणी दे?’ म्हणा आणि द्या. मात्र घोटभरच द्या. संपलं की तो पुन्हा पेला पुढे करेल. ‘अजून? अजून दे?’ पुन्हा घोटभर. एका तहानेत सहा पाळ्या होतात. ‘आधी पाणी म्हण, मगच देईन’ हे मात्र कधीही करू नका. तहानलेल्या पोराची परीक्षा घेऊन शब्द येत नाही, रडू येतं. आणि ‘हे काय आहे? सांग ना, काय आहे हे?’ असं पाहुण्यांसमोर तर अजिबात विचारू नका.

भूभू, हम्मा, मम, जोजो म्हणायला लाजू नका. ‘बोबडं बोललं की पोर बोबडंच राहतं’ म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. एडिंबरामध्ये ४७ बाळांच्या घरचं बोलणं ऐकून असं दिसलं की ज्यांच्या कानावर असे तेच अक्षर दोनदा येणारे आणि लाडाचे शब्द जास्त पडले, त्यांचा शब्दसाठा नऊ ते एकवीस महिन्यांत भरभर वाढला. काकांना सांगा.

आता जेवण. सगळ्यात अवघड तेच आहे आणि सगळ्यात जास्त पाळ्याही तिथेच चोरीला जातात. मोबाईल एकदम तिन्ही वेळचा काढू नका, निभणार नाही. एकच जेवण धरा, तुमचं काम संपल्यावरचं रात्रीचं. पाचनंतर बिस्किट, चिवडा, दूध काही नको, खरी भूक लागू द्या. जमिनीवर ताटं मांडा, तुम्ही सगळे त्याच्याबरोबर बसा, त्याचं ताट वेगळं. मऊ वरणभात त्याच्या हातानं. अर्धा भात अंगावर जाईल, जाऊ द्या. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा आजीचा. ‘आता कुणाचा?’ म्हणून थांबा. इतकी वर्षं आपल्याकडे घास असाच भरवत आलेत. त्यात प्रत्येक घासाला एक पाळी आहे. मोबाईल लावला की घास पोटात जातो, पण पाळी होत नाही.

पहिले तीन-चार दिवस तो ताट भिरकावेल, छाती फुटेस्तोवर रडेल. सासूबाईंचा जीव तुटेल आणि त्या तुमच्याकडे अशा बघतील की तुम्हीच सावत्र आई आहात. अशा वेळी ताट उचलायचं, ‘नको? बरं, नको,’ एवढंच म्हणायचं, आणि तासाभरानं पुन्हा द्यायचं. निरोगी मूल एका रात्रीच्या अर्ध्या जेवणानं खंगत नाही. वजन मुळातच कमी असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. एक जेवण सुटलं की बाकीची पंधरा-वीस दिवसांत सुटतात, असा माझा अनुभव आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही कुणीतरी सोबत बसून. छोटूला तो एक तास द्या, पण जेवताना नाही आणि एकट्याला नाही.

सासूबाईंना सूचना देऊ नका, काम द्या. ‘आई, याच्याशी बोलत जा’ म्हटलं की टोमणा वाटतो. त्याऐवजी मटारची पिशवी आणि परात त्यांच्यासमोर ठेवा, छोटूला शेजारी बसवा. सोल, टाक, उचल, पडला, पळाला, खाल्लास काय रे! अर्ध्या तासात जितकी क्रियापदं त्या परातीभोवती होतील तितकी कुठल्याही व्हिडिओत नाहीत, आणि सगळी अहिराणीत झाली तरी उत्तम. मेथी निवडताना त्याला काड्या द्या. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात कधी घेऊन गेलात तर पिशवीत बटाटे त्यालाच टाकू द्या, एकेक. मालिकेचं काय, ते तुमच्या घरचं राजकारण, मी फार बोलणार नाही. एकच सुचवते: छोटू झोपल्यावर मोबाईलवर तोच भाग लावून द्यायचा. घरात मोबाईल असावा तो याच्यासाठी.

आणि आता थोडं कडू. एस्टोनियात २०२४ मध्ये अडीच ते चार वर्षांच्या ४२१ मुलांच्या घरांचा अभ्यास झाला. मुलांच्या पडद्याबरोबर आईवडिलांचा पडदाही विचारला. ज्या घरात मोठी माणसं पडद्यावर जास्त, तिथं मुलंही जास्त, आणि अशा मुलांची शब्दांची आणि व्याकरणाची बाजू कमकुवत. म्हणजे छोटूचा मोबाईल काढून घ्यायचा आणि आपण सोफ्यावर तोंड खाली घालून बसायचं, याला अर्थ नाही. दोन वर्षांच्या मुलांवरचा आणखी एक प्रयोग आहे, २०१७ चा. आया मुलांना नवा शब्द शिकवत होत्या. एकदा मध्येच त्यांना फोन आला, एकदा आला नाही. शिकवायला दिलेला वेळ सारखाच. फोन आला तेव्हा मुलांनी शब्द घेतला नाही. धागा तुटला की गेला.

तुमचे कामाचे तास कुणी मागत नाहीये. तुम्ही हेडफोन लावून मीटिंगमध्ये जे बोलता ते छोटूच्या कानावर पडतं, पण त्याच्या उपयोगाचं नाही. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत तपासलं होतं: मुलाशी बोललेल्या शब्दांनी त्याचा शब्दसाठा वाढतो, आजूबाजूला आपसात बोललेल्यांनी नाही. म्हणून हेडफोन असेल तेव्हा तुम्ही कामावर आहात, बस. तो काढल्यावरची पहिली वीस मिनिटं मात्र मोबाईल दुसऱ्या खोलीत, उलटा नव्हे, दुसऱ्या खोलीत. वीसच मिनिटं. रोज.

मिस्टर उरले. त्यांना ‘व्हिडिओ वाईट’ म्हणून भांडू नका. दुसऱ्या पाळीला असतील तेव्हा चहाच्या सुट्टीत पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करायला सांगा. पडदाच आहे, पण यात समोरचं माणूस छोटूनं ‘भुर्र’ म्हटल्यावर ‘भुर्र’ म्हणतं. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवर नवे शब्द शिकतात आणि तेच आधी रेकॉर्ड केलेलं दाखवलं तर शिकत नाहीत, हेही तपासून झालंय. सुट्टीच्या दिवशी छोटूची आंघोळ त्यांच्याकडे. पाणी ओत, साबण पळाला, डोळे मीट, संपलं! बाप लोक कमी शब्द वापरतात, पण तेच तेच वापरतात. या वयात ते चांगलंच.

कानाची तपासणी या पंधरवड्यात करून घ्या. त्याच फेरीत वाचा-उपचारतज्ज्ञांनाही एकदा दाखवा, ‘तिसरं लागेपर्यंत बघू’ नको. सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. तेव्हा शब्दांची यादी पाठवू नका. रात्रीच्या एका जेवणात फोन आवाज टिपायला लावून ठेवा आणि छोटू झोपल्यावर ऐका. मग कोण काय म्हणालं, त्यावर तो काय म्हणाला आणि त्याच्यानंतर कोण बोललं, तेवढं लिहून पाठवा. आणि सासूबाईंना तो काय हाक मारतो, तेही.